अळंबीची खोली, वारूळ आणि आपण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या कुडाळजवळच्या घरातल्या धिंगरीच्या (ऑयस्टर अळंबीच्या) खोलीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे जुना गोठा, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि गेली नऊ वर्षं तिथे भाताच्या पेंढ्यावर मी अळंबी घेते. त्यात जाता जाता एक वाक्य लिहून गेले की माझी खरी पूजा आता त्या खोलीतच होते. त्या वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. धंद्याचे प्रश्न कमीच आहेत, मनातले जास्त आहेत. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण काही घेते. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय.

ताई, मी वर्ध्याला राहते. बचत गटातल्या आम्ही चौघींनी मिळून २० पिशव्या भरल्या, सोयाबीनचं कुटार वापरलं, गणपतीला नारळ वाढवून सुरुवात केली. बाराव्या दिवशी १४ पिशव्या हिरव्या पडल्या. सासूबाई म्हणतात की हे आपल्याला धार्जिणं नाही, देवाच्या मनात नाही. मन खट्टू झालंय. काय चुकलं?

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की देव रागावलेला नाही, कुटार नीट उकळलेलं नाही. तुम्ही पुढे पत्रात लिहिलंय की मोठं भांडं नव्हतं म्हणून गरम पाणी वरून ओतलं आणि झाकून ठेवलं, तिथेच सगळं झालं. कुटारात आधीपासून शंभर प्रकारच्या बुरश्या झोपलेल्या असतात आणि सगळ्यांना तेच जेवण हवं असतं. धिंगरीला पुढे जायला थोडी मोकळी जागा आपण करून द्यायची, एवढंच आपलं काम. कुटार रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवा, सकाळी निथळा, मग पोत्यात भरून साधारण ८० अंशाच्या पाण्यात पूर्ण एक तास बुडवून ठेवा, वर दगड ठेवा नाहीतर पोतं तरंगतं आणि वरचा भाग कच्चा राहतो. मग उतारावरच्या धुतलेल्या फरशीवर पसरून गार होऊ द्या. मुठीत घट्ट दाबलं तर पाणी ठिबकता कामा नये पण तळहात ओला वाटला पाहिजे, ही खूण कुठल्याही मीटरपेक्षा चांगली. स्पॉन म्हणजे बियाणं १०० किलो ओल्या कुटाराला दोन किलोच्या आसपास, ताजं, ज्याच्या दाण्यांवर पांढरा कापूस दिसतो ते. काळा, हिरवा ठिपका दिसला की ती बाटली परत करायची, भीड बाळगायची नाही. बियाणं आणि ट्रेनिंग दोन्हीसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा जुना प्रकल्प आहे, आणि तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा.

आणि वर्ध्याचा उन्हाळा धिंगरीला झेपत नाही हो. तिला २० ते ३० अंश हवेत. दिवाळीच्या आधी सुरू करा आणि शिमग्यापर्यंत आवरा, पहिल्या दोन वर्षांत बाकीच्या महिन्यांचा मोह नको.

आता त्या हिरव्या बुरशीबद्दल, कारण मला तुमच्या पत्रातला "मन खट्टू झालंय" हा शब्द लागला. ती हिरवी म्हणजे ट्रायकोडर्मा. तुमच्याकडे संत्र्याची बाग असलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, ते लोक कृषी केंद्रातून हीच बुरशी पैसे देऊन विकत आणतात आणि शेणखतात मिसळून झाडाच्या मुळाशी घालतात, कारण मूळकुज करणाऱ्या बुरशीला ती खाते. माझ्या खोलीत जी वैरीण आहे तीच तिथे राखणदार आहे. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी खराब झालेल्या पिशव्यांकडे बघून जी चिडचिड करायचे ती आपोआप कमी झाली. त्या पिशव्या खोलीपासून लांब नेऊन खड्ड्यात मातीआड करा, खोली धुवून काढा, आणि नारळ पुन्हा वाढवा, त्यात काहीच वाईट नाही. फक्त एक तास पाण्याकडेही लक्ष द्या.

मी ६८ वर्षांचा आहे, माळकरी आहे, वारी चुकवलेली नाही. मुलाने नोकरी सोडून मश्रूमचं युनिट टाकलं. घरात सून भाजी करते, मी ताटावरून उठतो. मुलगा म्हणतो ही वनस्पती आहे, शाकाहार आहे. खरं काय ते सांगा, मला मुलाचं मन दुखवायचं नाही आणि माळही मोडायची नाही. (पुणे जिल्हा)

काका, तुमचा मुलगा प्रेमाने बोलतोय पण अर्धंच बरोबर बोलतोय. अळंबी वनस्पती नाही. हिरवेपणा नाही, उन्हातून अन्न करता येत नाही, आणि तिच्या पेशीची भिंत कायटिनची असते, जे कोळंबीच्या टरफलात असतं. नात्याने बघितलं तर बुरशी झाडापेक्षा प्राण्यांना जवळची आहे. पण ती प्राणीही नाही, तिला काढताना रक्त नाही, जीव घाबरत नाही, आणि सरकारी नियमाने पाकिटावर हिरवा ठिपकाच लागतो. निसर्गात झाडं आणि जनावरं एवढ्या दोनच पंगती नाहीत, तिसरीही आहे, आणि आपले आहाराचे शब्द दोनच पंगती धरून बनलेत म्हणून हा घोळ.

शास्त्राचं म्हणाल तर लपवून ठेवत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्याबरोबर कवक म्हणजे अळंबी द्विजांना वर्ज्य सांगितलीय, आणि त्याच ओळीत अमेध्यातून, म्हणजे अपवित्र जागेतून, उगवणारं सगळंच वर्ज्य धरलंय. जैन मंडळीही खात नाहीत, त्यांची कारणं जीवहिंसेची आहेत. उलट बाजूला बुद्धांनी चुंदाच्या घरी शेवटचं जे जेवण घेतलं त्यातला पदार्थ अळंबी असावा असं काही अभ्यासक म्हणतात, काही म्हणतात डुकराचं मांस, तो वाद मिटलेला नाही.

मला स्वतःला त्या "अमेध्य" शब्दाशी भांडायचंय, आदराने. जी वस्तू कुजलेल्यातून आली ती अपवित्र, असं म्हटलं तर मग भातही आलाच की, शेणखतातून. माझ्या खोलीत पेंढा येतो, जनावरंही तोंड लावत नाहीत असा मागच्या वर्षीचा, आणि तीन आठवड्यांत त्यातून पांढरीशुभ्र फुलं येतात. घाणीचं अन्न करणाऱ्याला घाणेरडं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण हे माझं झालं. माळ तुमची आहे, ती कुणाच्या युक्तिवादाने घातलेली नाही, तर माझ्या युक्तिवादाने सैल करायची गरज नाही.

एक व्यवहारातली गोष्ट मात्र मुलाला विचारा, बटण आहे की धिंगरी? बटणच्या कंपोस्टमध्ये बहुतेक ठिकाणी कोंबडीखत घालतात. धिंगरी निव्वळ पेंढ्यावर येते. खायची नसेल तरी ताटावरून उठू नका काका, बाजूला ठेवा, आणि एकदा सकाळी त्याच्या युनिटमध्ये जाऊन अर्धा तास बसा. तुम्ही खाल्लं नाही याचं त्याला दुःख नसेल, तुम्ही बघायला गेला नाहीत याचं असेल.

पिशव्यांच्या खोलीत गेलं की खोकला येतो आणि संध्याकाळी अंग कसकसतं. ऍलर्जी असेल का?

असेल, आणि हे हलक्यात घेऊ नका. धिंगरीची छत्री पूर्ण उघडून कडा वर वळल्या की ती लाखोंनी बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, सोडते, पांढरा धूरच. रोज तो छातीत गेला तर फुप्फुसाला सूज येते. कडा वळायच्या आधीच काढणी करा, आत जाताना चांगला मास्क लावा, आधी दार उघडून हवा खेळू द्या. ताप, धाप असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि अळंबीचं काम करता हे त्यांना आवर्जून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. देठ लांब आणि छत्री बारीक येतेय असंही लिहिलंय तुम्ही, म्हणजे हवा कोंडलीय, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच खिडकी आहे.

माझं आजोळ गोव्यात, सत्तरीला. आजी सांगायची की रोयणीवरची (वारुळावरची) ओल्मी, म्हणजे अळंबी, काढताना सगळी काढायची नाही, दोन-चार ठेवायची, आणि रोयण कधी खणायची नाही, सांतेर असते तिथे. आता माझे मामेभाऊ कळ्या असतानाच सगळं उपटून आणतात कारण सीझनच्या सुरुवातीला भाव प्रचंड असतो. मी आजीचं सांगितलं तर हसतात, अंधश्रद्धा म्हणतात. खरंच अंधश्रद्धा आहे का?

हे पत्र मी चार वेळा वाचलं. माझ्या आजीने मला हेच सांगितलेलं, शब्द थोडे वेगळे, आमच्याकडे अळमी म्हणतात, तुमच्याकडे ओल्मी, विदर्भात टेकोडे, सात्या. आणि आमची सातेरी तीच तुमची सांतेर. बाकीच्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, सिंधुदुर्गात आणि गोव्यात कितीतरी गावांची ग्रामदेवता सातेरी आहे आणि बऱ्याच देवळांत गाभाऱ्यात मूर्ती नसते, वारूळ असतं. जमिनीतून आपोआप वर आलेली माती, तीच देवी. वेंगुर्ल्याची ग्रामदेवतासुद्धा सातेरीच.

आता वारुळात काय चाललेलं असतं ते बघा. ते वारूळ मुंग्यांचं नाही, सापाचंही नाही, वाळवीचं आहे. वाळवी सुकी पानं, काटक्या, लाकडाचा चुरा आत नेते, पण हे सगळं नीट पचवायची ताकद तिच्या एकटीच्या पोटात नाही. म्हणून ती खाल्लेल्याचे थर रचून स्पंजासारखे पोळे बनवते आणि त्यावर एक बुरशी लावते, टर्मिटोमायसीस नावाची. ही बुरशी लाकूड फोडते, मऊ करते, पांढरे बारीक दाणे धरते, आणि वाळवी ते दाणे खाते. म्हणजे शेती! आपली शेती दहा हजार वर्षांची, ह्यांची साधारण तीन कोटी वर्षांची. आत हवा खेळती ठेवायची, ओल राखायची, परकी बुरशी आली तर उपटून टाकायची, मी जे खोलीत करते ते सगळं त्या करतात आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा खरंच हात जोडले गेले.

मग पाऊस पडतो, जमीन गार होते, आणि खालच्या पोळ्यातून ती बुरशी मुळासारखा लांब देठ वर सोडते आणि माती फोडून छत्री उघडते. ती तुमची ओल्मी. ती कशासाठी उघडते, आपल्या कालवणासाठी नाही, बीजाणू सोडण्यासाठी. आणि इथे तुमच्या आजीचं म्हणणं येतं. ह्या जातीच्या बहुतेक वाळव्यांमध्ये नवीन राणी नवीन घर करते तेव्हा बुरशी बरोबर घेऊन जात नाही. तिच्या पहिल्या कामकरी बाहेर पडतात आणि आसपासच्या पालापाचोळ्यातून बीजाणू वेचून आणतात, तेव्हा कुठे त्यांची शेती सुरू होते. कळ्या असतानाच सगळ्या उपटल्या तर बीजाणू पडणार कुठून? आणि वारूळ खणलं तर सगळाच कारभार संपला. दोन-चार ठेवा म्हणणारी आजी मायक्रोस्कोप न बघता हेच बोलत होती. गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत सरांनी ह्या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि ती ओरबाडू नका हे लोकांना सांगत राहिले, म्हणजे आजी आणि प्राध्यापक एकाच जागी येऊन पोचले की.

मामेभावांना तुम्ही "सांतेर कोपेल" असं सांगू नका, ते हसतील. त्यांना सांगा की ही अळमी माणसाला धिंगरीसारखी पिशवीत लावता येत नाही, वाळवीशिवाय ती होत नाही, आणि म्हणूनच तर भाव आहे. ज्या रोयणीवर दरवर्षी येते ती म्हणजे न नांगरता पिकणारं शेत आहे. अर्ध्या उघडू द्या, चाकूने जमिनीलगत कापा, ओढून उपटू नका. आणि अभयारण्याच्या हद्दीतून काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेही कानावर घाला.

अंधश्रद्धा कशाला म्हणायचं हा मला पडणारा प्रश्न आहे. आजीने कारण सांगितलं नाही, देवी सांगितली. पण त्या देवीमुळे माणूस तिथे चप्पल काढून उभा राहत होता, घाई करत नव्हता, मोजून घेत होता. आता आपल्याला कारण माहिती झालंय आणि घाईही वाढलीय. मी आजही वारुळावर हात घालायच्या आधी नमस्कार करते, तीन कोटी वर्षांच्या शेतकरणीच्या बांधावर आलेय म्हणून.

चांदीचं नाणं टाकून काळं पडलं तर विषारी, लसूण टाकून बघायचा, असं गावाकडे म्हणतात. भरवसा ठेवावा का?

अजिबात नाही. यातली एकही परीक्षा खरी नाही. हळद, तांदूळ, किडा लागलाय म्हणजे चांगली, काही नाही. काही विषारी छत्र्यांचं विष शिजवून जात नाही आणि त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी जास्तही लागतात, तोवर लिव्हरला धक्का बसलेला असतो. लहानपणापासून जी ओळखते अशी जाणती बाई बरोबर नसेल तर रानातली खाऊ नका. शंका आली तर उलटीची वाट न बघता हॉस्पिटल, आणि उरलेली छत्री पिशवीत घालून बरोबर न्या.

मी अमेरिकेत पोर्टलंडला असतो, ३१ वर्षांचा आहे. इथे ओरेगनमध्ये सायलोसायबिन मश्रूमचं (मनाची जाणीव बदलणाऱ्या अळंबीचं) सेशन आता कायदेशीर मिळतं. गेली दोन वर्षं मन थाऱ्यावर नाही. मित्र म्हणतात एका दिवसात अध्यात्म कळतं, आणि आपल्या वेदातला सोमसुद्धा मश्रूमच होता म्हणे. तुम्ही मश्रूम आणि पूजा एकत्र लिहिलंत म्हणून विचारतो.

बाळा, माझी पूजा म्हणजे पाणी शिंपडणं आणि वाट बघणं, तेवढंच. पण तू मनापासून विचारलंस म्हणून जे माहिती आहे ते सांगते.

सोमाचं असं की गॉर्डन वॉसन नावाच्या अमेरिकन बँकरने १९६८ मध्ये मांडलं की सोम म्हणजे लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाचं आहे, त्यात तो दगडांनी चेचतात, लोकरीतून गाळतात, दुधात मिसळतात. त्यावरून कुणी अळंबी म्हणतं, कुणी इफेड्रा नावाचं झुडूप, सर्वांना पटलेलं उत्तर नाही. तेव्हा "वेदात आहे" हे कारण धरून जाऊ नकोस.

ह्याच वॉसनची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९५५ मध्ये तो मेक्सिकोत ओआहाका प्रांतातल्या वाउत्ला गावी गेला, तिथे मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची वैदू बाई होती. ती रात्रभर जागून, गाणी म्हणत, तू म्हणतोस त्या सायलोसायबिनच्या अळंबीने आजाऱ्यांवर उपचार करायची. अळंबीला ती पवित्र लेकरं म्हणायची. वॉसनने १९५७ मध्ये लाइफ मासिकात त्यावर लिहिलं, तिचं नाव बदललं तरी लोक शोधत आलेच, शेकड्यांनी तरुण मुलं, देव शोधायला. गावाची शांतता गेली, पोलिस आले, गावाने राग तिच्यावर काढला, तिचं घर जाळलं. नंतर ती म्हणाली की परके आले तेव्हापासून लेकरांची ताकद गेली. तिच्याकडे लोक आजारी माणसासाठी यायचे, कुणीतरी बरं व्हावं म्हणून. आलेल्यांना फक्त स्वतःचा अनुभव हवा होता. गोव्यातल्या त्या कळ्या उपटण्यात आणि ह्यात मला फरक दिसत नाही.

मी तुला जा किंवा नको जाऊ असं सांगणारी कोण. डिप्रेशनसाठी ह्यावर डॉक्टर अभ्यास करतायत हे खरं आहे. पण घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल तर हे धोक्याचं आहे, आणि मनाच्या गोळ्या चालू असतील तर आधी तुझ्या डॉक्टरांशी बोल. भारतात हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंद आहे, येताना बॅगेत काही आणायचा विचारही करू नकोस. आणि एक कर, तिकडे धिंगरीचं छोटं किट मिळतं, ते खिडकीत ठेव, रोज दोनदा पाणी मार. सकाळी उठायला काहीतरी कारण मिळतं, आणि ते कमी नसतं. आईला फोन करतोस ना?

आई मार्चमध्ये गेली. तिच्या इच्छेप्रमाणे रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन आंब्याचं कलम लावायचं ठरवलंय. भावकी नाराज आहे, म्हणतात गती मिळणार नाही. तुम्ही कुजण्यातून उगवण्याबद्दल लिहिता, म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. (नाशिक जिल्हा)

तुमच्या दुःखात मी आहे. गतीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण मातीत काय होतं ते सांगू शकते, आणि ते मला तरी फार धीर देतं.

रक्षा म्हणजे बरीचशी हाडांची राख, आणि ती मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. आंब्याला फॉस्फरस हवाच असतो, पण तो मातीत हलत नाही, जिथे पडला तिथे बसून राहतो, आणि झाडाचं मूळ प्रत्येक कणापर्यंत पोचत नाही. तिथे पुन्हा बुरशी येते. आंब्याच्या मुळात एक बुरशी राहते, मायकोरायझा, तिचे धागे मुळाच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक, ते लांबवर जातात, तो फॉस्फरस उचलतात आणि मुळात आणून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. जमिनीवरच्या बहुतेक झाडांचा हा व्यवहार आहे, ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडातल्या झाडांच्या अवशेषांतसुद्धा तो सापडतो. म्हणजे तुमच्या आईचा अंश मातीतून पानात कुणीतरी हाताने उचलून नेल्यासारखा जातो, खरोखर जातो, हे मी समजूत काढायला म्हणत नाही.

भावकीला दुखवायचं नसेल तर थोडी रक्षा गोदावरीत सोडा, बाकीची शेतात. दोन्ही होऊ शकतं, आई एकाच ठिकाणी मावणारी नव्हतीच ना.

लावताना काळजी एवढीच घ्या की राख खारट आणि जहाल असते, थेट मुळाशी ओतली तर कलम जळेल. खड्डा तीन फूट घ्या, त्यातल्या मातीत दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि रक्षा नीट कालवा, कलमाच्या गड्ड्याभोवती आधी साधी माती घाला आणि कालवलेली कडेने. रासायनिक फॉस्फरस पहिली दोन वर्षं घालू नका, तो आयता मिळाला की झाड बुरशीला विचारत नाही. बुरशीनाशक मातीत ओतू नका. खालचा पालापाचोळा झाडून जाळायचा नाही, तिथेच राहू द्या. पुढच्या पावसात त्यात बारक्या छत्र्या दिसतील, त्या खायच्या नाहीत आणि उपटायच्याही नाहीत.